सर्व्हर किती वेळात उभा राहील, हे कोणी ठरवायचे?



परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात पुष्कळ विषयांना स्पर्श करण्याची प्रथा आहे. ती बाजूला ठेवून मी एकच मुद्दा मांडणार आहे. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील आपल्या साखर कारखान्यांत, दूध संस्थांत, बँकांत, पतसंस्थांत आणि एमआयडीसीतील उद्योगांत बहुतेक ठिकाणी बॅकअप घेतला जातो. परंतु सर्व्हर बंद पडला तर काम किती वेळात पुन्हा सुरू झाले पाहिजे, हे क्वचितच कोणी ठरवलेले असते. तो निर्णय संगणक विभागाच्या माथी मारून चालणार नाही. तो संचालक मंडळाने किंवा मालकाने घ्यायचा असतो, लेखी घ्यायचा असतो आणि दरवर्षी तपासून पाहायचा असतो. बॅकअप ही त्या निर्णयाची अंमलबजावणी आहे. निर्णयच नसेल तर अंमलबजावणी कशाची करायची?

आपल्या भागात हा प्रश्न किती निकडीचा आहे, ते हंगामात दिसते. बारामती तालुक्यात माळेगाव आणि सोमेश्वर, इंदापूर तालुक्यात भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी आणि शहाजीनगरचा नीरा-भीमा, असे सहकारी कारखाने या दोन तालुक्यांत उभे आहेत. गाळप चोवीस तास चालते. समजा, एखादा कारखाना दिवसाला ५,००० टन ऊस गाळतो आणि एका गाडीत सरासरी १० टन ऊस येतो. म्हणजे रोज ५०० गाड्या, भरलेल्या आणि रिकाम्या मिळून १,००० वजने, आणि दर दीड मिनिटाला काट्यावर एक नोंद. काट्याचा संगणक दोन तास थांबला तर गाड्यांची रांग लागते. तोडलेल्या उसाचे वजन आणि त्यातली साखर दोन्ही घटू लागतात, आणि ऊसतोड टोळ्यांचा दिवस वाया जातो. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात आणि उशीर झाला तर वार्षिक १५ टक्के व्याज लागते. ती बिले ज्या नोंदींवरून निघतात, त्या याच सर्व्हरवर असतात. दुधाचेही तसेच आहे. फॅट आणि एसएनएफची नोंद सकाळ-संध्याकाळ होते आणि त्यावरच उत्पादकाचा दुधाचा पगार निघतो. सर्व्हर बंद पडण्याची खरी किंमत संगणक विभाग मोजत नाही, ती सभासद मोजतो. म्हणूनच हा निर्णय सभासदाला उत्तरदायी असलेल्यांचा आहे.

त्या निर्णयात दोन प्रश्नांची उत्तरे हवीत. पहिला, काम किती वेळ थांबलेले चालेल? दुसरा, किती वेळाच्या नोंदी पुन्हा हाताने भरण्याची आपली तयारी आहे? रात्री बाराला बॅकअप होतो आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला डिस्क जाते, तेव्हा अठरा तासांच्या नोंदी गेलेल्या असतात. वरच्या हिशेबाने ती साडेसातशे वजने झाली. हे मान्य नसेल तर डेटाबेसच्या व्यवहार-नोंदींची प्रत दर पंधरा मिनिटांनी दुसऱ्या यंत्रावर गेली पाहिजे. दोन तासांच्या आत उभे राहायचे असेल तर सॉफ्टवेअर भरून तयार असलेला पर्यायी सर्व्हर जागेवर हवा. नवा सर्व्हर पुण्याहून मागवण्यात आणि त्यावर सगळे नव्याने बसवण्यात दिवस जातात. उत्तरे बदलली की यंत्रणा बदलते आणि खर्चही बदलतो.

प्रत हाताशी असणे आणि काम पुन्हा सुरू होणे यांत किती अंतर असते, याचे पुरावे जगभर आहेत. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याकडून चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअप आणि प्रतिकृतीच्या पाच पद्धती तिथे होत्या, पण ऐन वेळी एकही भरवशाची निघाली नाही. एक बॅकअप सॉफ्टवेअरची आवृत्ती न जुळल्यामुळे होतच नव्हता, आणि तो होत नसल्याची सूचना देणारे ईमेलही पोचत नव्हते. सुमारे सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत सापडली, म्हणून ती संस्था सावरली. दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी रॅन्समवेअरचा, म्हणजे माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा, हल्ला झाला, तेव्हा देशातल्या सर्वांत नामांकित रुग्णालयाला सुमारे दोन आठवडे कागदावर काम करावे लागले. २७ जून २०१७ च्या नॉटपेट्या हल्ल्यात मर्स्क या जहाज कंपनीची जगभरची यंत्रणा कोलमडली आणि आपल्या न्हावा-शेवा बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामही थांबले. मर्स्कचे डोमेन कंट्रोलर, म्हणजे नेटवर्कवर कोणाला प्रवेश द्यायचा हे ठरवणारे सर्व्हर, एकमेकांच्या प्रती ठेवत होते, म्हणून ते जवळजवळ सगळे एकाच वेळी नष्ट झाले. वाचला तो घानातला एक, कारण वीज गेल्यामुळे हल्ल्याच्या वेळी तो नेटवर्कवर नव्हता. चार हजार सर्व्हर दहा दिवसांत पुन्हा उभे राहिले, ते त्या योगायोगाच्या आधारावर. त्या योगायोगाची जागा आपण नियोजनाला दिली पाहिजे. एक प्रत कायम नेटवर्कपासून तोडलेली, किंवा कोणालाही ठरावीक मुदतीपर्यंत पुसता न येणारी असली पाहिजे.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप असा, की आपण लहान, आपल्यावर कोण हल्ला करणार? जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या बँकांच्या सेवा पुरवठादाराच्या यंत्रणेला रॅन्समवेअरचा फटका बसला. पुढचा धोका टाळण्यासाठी राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने त्या कंपनीची जोडणी तात्पुरती तोडली. तेव्हाच्या वृत्तांनुसार देशातल्या सुमारे ३०० लहान बँकांचे, मुख्यतः सहकारी आणि प्रादेशिक ग्रामीण बँकांचे, यूपीआय आणि एटीएम व्यवहार अडले. जोडणी १ ऑगस्टला पूर्ववत झाली. त्या बँकांच्या ग्राहकांवर कोणीही नेम धरला नव्हता, तरी पैसे त्यांचेच अडकले. सेवा बाहेरून घेतली तरी उत्तरदायित्व बाहेर जात नाही. म्हणून पुरवठादाराशी करार करताना त्याच्याकडून परतीची वेळ, म्हणजे काम पुन्हा सुरू करून देण्याची मुदत, लेखी घेतली पाहिजे.

दुसरा आक्षेप, आमचे सगळे क्लाउडवर आहे, किंवा आमच्याकडे दोन सर्व्हर एकमेकांशी जोडलेले आहेत. जोडलेला दुसरा सर्व्हर यंत्र बिघडले तर उपयोगी पडतो, हे खरेच. पण चुकून पुसलेली किंवा हल्लेखोराने कुलूपबंद केलेली नोंद तो तितक्याच तत्परतेने स्वतःकडेही पुसतो किंवा कुलूपबंद करतो. क्लाउडचा हिशेब तर कोणीही करून पाहावा. एक टेराबाइट माहिती कार्यालयातल्या एक गिगाबिटच्या जाळ्यावरून परत घ्यायला साधारण सव्वादोन तास लागतात. तीच ५० एमबीपीएसच्या इंटरनेटवरून उतरवायची तर, लाइन एकदाही न तुटता, सुमारे ४४ तास लागतात. क्लाउडमधली प्रत आग आणि पूर यांसाठी हवीच. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचे डेटा सेंटर जळाले, तेव्हा ज्यांची मूळ माहिती आणि बॅकअप एकाच आवारात होते त्यांचे दोन्ही गेले. परंतु झटपट उभे राहण्यासाठी प्रत जवळही लागते. माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी, हा जुना नियम अजूनही योग्य आहे, तो यासाठीच.

तिसरा आणि सर्वांत रास्त आक्षेप खर्चाचा. प्रत्येक कामासाठी तयार पर्यायी सर्व्हर ठेवणे पतसंस्थेला किंवा वीस कामगारांच्या कारखान्याला परवडत नाही. पण प्रत्येक कामाला त्याची गरजही नसते. काटा, दूध संकलन आणि बँकेचा काउंटर मिनिटांत सुरू झाले पाहिजेत. भांडार आणि खरेदी काही तासांनी आली तर चालते, जुने अहवाल दोन दिवसांनीही चालतात. पैसा पहिल्या गटावर खर्च करावा. शिवाय सर्वांत स्वस्त उपाय असा, की काम मुख्य सर्व्हरवाचूनही चालू राहील अशीच रचना करायची. काट्यावरच्या संगणकाने वजन स्वतःकडे साठवावे, पावती द्यावी आणि जोडणी आली की नोंद वर पाठवावी. संकलन केंद्रावरच्या यंत्रानेही तेच करावे. त्यालाही पर्याय म्हणून अनुक्रमांक छापलेली पावतीपुस्तके असावीत. कागदावर भागवू, असे म्हणणाऱ्यांना माझे सांगणे इतकेच, की कागद काही तास तारतो. तीन दिवसांच्या तीन हजार पावत्या नंतर भरताना किती सभासदांच्या वजनात चूक होईल, याचा विचार आधीच करावा लागतो.

कायद्याचे काम झाले आहे, म्हणजे आपले झाले, असेही मानू नये. कंपन्यांना हिशेबाच्या इलेक्ट्रॉनिक पुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवण्याचे बंधन ऑगस्ट २०२२ पासून आहे. नागरी सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१९ मध्ये सायबर सुरक्षेची श्रेणीबद्ध चौकट दिली. सायबर घटना हाताळणाऱ्या सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते. पण माळेगावचा काटा किंवा इंदापूरच्या दूध केंद्राची नोंद किती वेळात सुरू व्हावी, हे दिल्ली-मुंबईतून कोणी ठरवून देणार नाही.

ठरवलेली वेळ खरी आहे की कागदावरची, हे प्रत्यक्ष रिस्टोअर केल्याशिवाय कळत नाही. हंगामात वेळ नसतो, ही अडचण खरी आहे. पण कारखान्याला ऑफ-सीझन असतोच. मिल आणि बॉयलर खोलून दुरुस्त केल्याशिवाय आपण बॉयलरचे अग्निप्रदीपन करत नाही. त्याच महिन्यांत बॅकअपवरून पर्यायी सर्व्हर उभा करावा, त्यावर गेल्या हंगामातल्या एका दिवसाची बिले काढावीत, ती मूळ बिलांशी जुळतात का पाहावे आणि लागलेला वेळ लिहून ठेवावा. काम बॅकअप घेणाऱ्याने करू नये, दुसऱ्या कर्मचाऱ्याने लेखी सूचना वाचून करावे. तो अडखळला तर सूचना अपुऱ्या आहेत, असे समजावे. कारण ज्या रात्री सर्व्हर जाईल, त्या रात्री जाणकार माणूस गावात असेलच असे नाही. पासवर्ड, परवाने आणि पुरवठादाराचे क्रमांक कागदावर, कुलपात असावेत. सर्व्हर बंद करण्याचा आणि पर्यायावर जाण्याचा अधिकार कोणाचा, त्याचे नावही तिथेच असावे.

म्हणून या परिषदेतून परतल्यावर प्रत्येक संस्थेने पुढच्या सभेत एक ठराव करावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. त्यात प्रत्येक महत्त्वाच्या कामासाठी परतीची वेळ आणि सोसता येईल असे नोंदींचे नुकसान आकड्यांत लिहावे. त्यासाठी लागणारी रक्कम अंदाजपत्रकात धरावी आणि वार्षिक चाचणीचा निकाल अहवालात सभासदांपुढे ठेवावा. चाचणी फसली तर तेही छापावे. सभासद ऊस आणि दूध संस्थेच्या नोंदीच्या भरवशावर घालतो. ती नोंद वाचवण्याची आणि वेळेत परत आणण्याची हमी त्याला लेखी मिळाली पाहिजे. तो त्याचा हक्क आहे, आणि तो देण्याइतके ज्ञान आज या सभागृहात नक्कीच आहे.