उतारवयाची गंगाजळी
(गणेशोत्सवातील भाषण)



मोदकांवर ताव मारून बसलेल्यांपुढे गोड-तेलकटाविषयी बोलायचे म्हणजे जिवावरचेच काम! पण अनुभव सांगतो. गेल्या पावसाळ्यात मला डेंग्यू झाला. ताप आठवड्यात उतरला. जिना धाप न लागता चढायला मात्र तीन महिने लागले. डॉक्टर म्हणाले, रक्तातली साखर सीमेवर, मांड्यांचे स्नायू रोडावलेले. मी तर सडपातळ!

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांच्यासह स्वतःचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! म्हणजे वजनकाटा फसवतो.

वयाबरोबर स्नायू घटतातच. त्यात रोजची साखर, तळण आणि बैठे काम यांची भर पडली की चरबी पोटात, यकृतात, स्नायूंतही साठते. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. आजारातून उठवणारी गंगाजळी स्नायूंतच असते. तीच आटते.

जागतिक आरोग्य संघटना वरची साखर दिवसाला सुमारे ५० ग्रॅमच्या, जमल्यास २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. माझ्या चार फिल्टर कॉफ्या आणि म्हैसूरपाकातच ती संपायची! आता कॉफी बिनसाखरेची, ताटात उसळ, सकाळी चालणे आणि खुर्चीवरून हात न टेकता दहा उठाबशा.

बाप्पाचा मोदक सोडू नका. हे दहा दिवस त्याचे. उरलेल्या ३५५ दिवसांचा हिशेब मात्र आपला!

गणपती बाप्पा मोरया!