छत खाली येतं तेव्हा



अमेरिकन दिग्दर्शक सिडनी ल्युमेट पहिल्यांदा लोकांपुढे आले ते रेडिओवरून, वयाच्या अवघ्या चौथ्या वर्षी. जन्म १९२४चा, फिलाडेल्फियातला. वडील यिडिश रंगभूमीवरचे नट, त्यामुळे पोरगं विंगेतच वाढलं. दुसऱ्या महायुद्धात ते आपल्याकडे, भारतात आणि ब्रह्मदेशात, रडार दुरुस्तीच्या कामावर होते. परतल्यावर नाटक, मग टेलिव्हिजन. तिथे तेव्हा नाटकं थेट प्रक्षेपित होत. चुकलं तर चुकलं, पुन्हा घेणं नाही.

त्यांचा पहिला चित्रपट १९५७चा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’. बापाच्या खुनाचा आरोप असलेला एक मुलगा, त्याचा निकाल करायला एका खोलीत बसलेले बारा पंच, आणि अंगाची लाही करणारा उन्हाळा. बासू चटर्जींचा ‘एक रुका हुआ फैसला’ पाहिलेल्यांना ही गोष्ट ठाऊक आहे.

नाटकातल्यासारखी दोन आठवडे तालीम झाली आणि तीन आठवड्यांच्या आत चित्रीकरण उरकलं. खर्च वाचावा म्हणून एका बाजूला दिवे लावले की त्या बाजूची सगळी दृश्यं ते एकदमच घेत. त्यामुळे भांडणातला एकाचा सवाल आज चित्रित व्हायचा आणि दुसऱ्याचा जबाब काही दिवसांनी. तरी पडद्यावर कुठे सांधा दिसत नाही. हे श्रेय तालमीचं, असं मी ठामपणे म्हणेन.

आणि कॅमेरा! सुरुवातीला तो माणसांच्या नजरेपेक्षा वर असतो. मग नजरेच्या पातळीवर येतो, शेवटी त्याच्याही खाली जातो. भिंगंही अशी बदलत जातात, की भिंती माणसांच्या अंगाला येऊन भिडल्यासारख्या वाटतात. खोली तीच, पण आपला जीव गुदमरतो. अगदी शेवटी पंच कोर्टाबाहेर पडतात, तिथे मोठा आवाका घेणारं भिंग लावलंय. तेव्हा कुठे आपण श्वास सोडतो.

पुढे ‘सर्पिको’, ‘डॉग डे आफ्टरनून’, ‘नेटवर्क’ आले. ‘नेटवर्क’ला चार ऑस्कर मिळाली, तिघा नटांना आणि लेखकाला. उत्तम दिग्दर्शनाचं ऑस्कर मात्र चार नामांकनं होऊनही ल्युमेट यांना मिळालं नाही. २००५मध्ये मानद ऑस्कर दिलं गेलं. ८२व्या वर्षी चित्रित केलेला त्यांचा शेवटचा चित्रपट २००७ साली आला, आणि २०११ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ते गेले.

‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ पुन्हा पाहाल, तेव्हा एक करा. माणसांच्या डोक्यावरचं छत कधी दिसू लागतं, तेवढं बघा.