वरबापाचे दोन शब्द

मी टिटवाळ्याचा. गावाचं नाव सांगितलं की समोरचा लगेच विचारतो, "म्हणजे लग्न जमवणाऱ्या गणपतीचं ना?" तेच. आमच्या महागणपतीला विवाहविनायक म्हणतात. अंगारकीला दर्शनाची रांग लागते, तिच्यात उपवर मुलामुलींपेक्षा त्यांचे आईबापच जास्त दिसतात, हे मी इतक्या वर्षांच्या अनुभवावरून सांगतो. पण गणपतीचं काम लग्न जमेपर्यंत. पुढे हॉल, केटरर, मानपान हे ज्याचं त्यानं बघायचं. आणि माईक हातात आल्यावर मुलाच्या बापानं काय बोलायचं, तेही.

गेल्या मार्गशीर्षात माझ्या मुलाचं लग्न झालं. आठ दिवस आधी तो म्हणाला, "बाबा, रिसेप्शनला तुम्ही दोन मिनिटं बोला. मनापासून बोला." दोन मिनिटांची मला भीती नव्हती. छत्तीस वर्षं कचेरीत काढली आणि निवृत्त होणाऱ्या प्रत्येकाचं निरोपाचं भाषण माझ्याच गळ्यात असायचं. अडलं ते 'मनापासून'पाशी.

पहिला मसुदा एका रात्रीत झाला. सकाळी चहा घेताना बायकोला वाचून दाखवला. तिनं शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, "पोरगा रिटायर होतोय का?" खरंच होतं. कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, पुढील आयुष्य सुखासमाधानाचं जावो, सगळं आलं होतं. शाल-श्रीफळ तेवढं राहिलं होतं.

दुसरा मसुदा निव्वळ आभारांचा निघाला, तो मीच फाडला. तिसऱ्यात ते वाक्य आलं, जे हल्ली प्रत्येक रिसेप्शनला ऐकू येतं: ती आमची सून नाही, मुलगीच आहे. हे लिहिलं आणि पेन थांबलं. तिचा बाप पहिल्या रांगेत बसलेला असणार. त्याच्यादेखत त्याची लेक माझी म्हणून सांगायची? इतकं सगळं त्यानं दिलं, आता बापपणही देऊन टाक म्हणायचं? शिवाय तोंडानं मुलगी म्हणायचं आणि सणावाराला सुनेसारखं राबवायचं, ही चलाखी आपल्याकडे घरोघर चालते. सुनेला सून राहू द्यावं. शब्द काही वाईट नाही.

मग मनात आलं, आपल्याकडे मुलाचा बाप लग्नात आजवर बोलत तरी काय आला? मांडवात त्याच्या वाट्याला वाक्यच नाही. मंगलाष्टकं गुरुजी म्हणतात, हौशी आत्या-मावश्या म्हणतात. कन्यादानात मुलीचा बाप बोलतो, नवरदेव 'नातिचरामि' म्हणतो. सूनमुख मुलाची आई बघते. आमच्या ठाणे जिल्ह्यातल्या आगरी घरांत तर पूर्वीपासून धवलारीण असते; धवले गात गात ती बाई लग्न लावते. वरबाप कुठेच नाही.

तो बोलायचा ते आधीच, बैठकीत, याद्या करताना. सोनं किती, भांडी कुठली, कुणाकुणाचा मान, जाण्यायेण्याचा खर्च कुणी करायचा. वरबापाचं खरं भाषण ते. त्यावर टाळ्या पडत नसत, सह्या पडत. हुंड्याला १९६१ च्या कायद्यानं बंदी आली आणि यादीतला तो रकाना गेला. कागदावरून तरी गेला. अशा भाषणांची परंपरा मागे असताना माईकपुढे उभं राहून 'मनापासून' बोलायचं म्हणजे घसा खाकरावाच लागतो.

बापाच्या भाषणाचा नमुना शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही. टिटवाळ्याला कण्वमुनींचा आश्रम होता आणि त्यांच्या सांगण्यावरून शकुंतलेनं इथे गणपतीची आराधना केली, अशी आमची आख्यायिका. उत्तराखंडात कोटद्वारजवळही कण्वाश्रम दाखवतात. आमचं त्यांच्याशी भांडण नाही, ऋषींना दोन पत्ते असू शकतात. तर हे आमचे गाववाले कण्व कालिदासाच्या 'शाकुंतला'त चौथ्या अंकात लेकीला सासरी पाठवतात. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात 'संगीत शाकुंतल'चा पहिला प्रयोग केला तेव्हा चारच अंक केले होते. म्हणजे त्या रात्री मराठी प्रेक्षक कण्वाचा निरोप घेऊनच घरी गेला.

त्या अंकात कण्व दुष्यंताला सांगावा धाडतात. आमच्यापाशी धन आहे ते संयमाचं, तुझं कूळ थोर, आणि हिनं तुझ्यावर जीव लावला तो कुणा नातलगाच्या सांगण्यावरून नाही. एवढं लक्षात ठेव आणि बाकीच्या राण्यांच्या बरोबरीनं हिचा मान राख. यापुढचं नशिबाचं, ते मुलीकडच्यांनी बोलायचं नसतं. काय मागावं आणि कुठे थांबावं, दोन्ही त्या वनात राहणाऱ्या माणसाला कळत होतं. मात्र हे भाषण मुलीच्या बापाचं. दुष्यंताचा बाप नाटकात नाहीच. असता तर राजाला अंगठीवाचूनही आठवण करून देता.

हे वाचताना मला एकदम बहिणीचं लग्न आठवलं. पाठवणीच्या आधी ऐरणीदान झालं. त्याला झाल म्हणतात. वेळूच्या टोपलीत कणकेचे दिवे लावतात आणि ती टोपली मुलाच्या आईच्या, बापाच्या, एकेका वडीलधाऱ्याच्या डोक्यावर टेकवतात. गुरुजी मुलीच्या बापाकडून एक संस्कृत श्लोक म्हणवून घेतात. अर्थ असा की, आठ वर्षांची ही मुलगी मी मुलासारखी वाढवली, आता तुमच्या मुलाला दिली, हिला मायेनं सांभाळा. माझी बहीण तेव्हा चोवीस वर्षांची, तारखात्यात नोकरीला. मुलींच्या लग्नाचं वय निदान चौदा करणारा शारदा कायदा १९३० मध्ये अमलात आला, पण श्लोकातली मुलगी आठ वर्षांचीच राहिली. ते सोडा. माझे वडील तो श्लोक म्हणत होते आणि शेवटच्या शब्दाला त्यांचा आवाज गेला. मांडव गप्प झाला. सगळे बहिणीच्या सासऱ्यांकडे बघायला लागले. टोपली त्यांच्याच डोक्यावर होती. त्यांनी मान न हलवता, दिव्यांचं तेल सांडू न देता सांगितलं, "आवरा आता, कसाऱ्याची गाडी जाईल."

माणूस वाईट नव्हता. पुढे बहिणीला त्यांनी फार चांगलं वागवलं. पण विधीत मुलीचा बाप त्यांना सरळ काही मागत होता आणि उत्तर काय द्यायचं ते पोथीत लिहिलेलंच नव्हतं. सगळे श्लोक त्या बाजूला, या बाजूला नुसती टोपली. वरबापाचं भाषण म्हणजे राहिलेलं ते उत्तर, असं मला त्या दिवशी वाटलं. चौथा मसुदा तिथून सुरू झाला.

एक वरबाप मात्र असा होऊन गेला की त्याच्यापुढे माझा मसुदा मला लाज आणतो. जोतिराव फुले. ४ फेब्रुवारी १८८९ ला त्यांच्या दत्तक मुलाचं, यशवंताचं लग्न सत्यशोधक पद्धतीनं झालं. आदल्या वर्षी जोतिरावांना पक्षाघात झालेला. त्या लग्नात ते भाषण करायला उभे राहिले की नाही, याला माझ्या लेखी महत्त्व नाही, कारण बोलायचं ते त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं. १८८७ साली त्यांनी सत्यशोधक समाजासाठी मंगलाष्टकं आणि पूजाविधी छापले. त्यात वधू आणि वर एकमेकांशी बोलतात, सर्वांना कळेल अशा मराठीत. बायकांना स्वातंत्र्याचा अनुभव नाही, तो हक्क मला देशील का, असं नवरी भर मांडवात विचारते आणि नवऱ्याला उत्तर द्यावं लागतं. मुलाच्या बापानं माईक स्वतः न धरता सुनेच्या हातात दिला, असं आजच्या भाषेत म्हणता येईल.

ते धैर्य माझ्यात नव्हतं. आणि माझ्या सुनेला माईक दिला असता तर तिनं केटररची चूक काढली असती, ती तशी आहे.

आमच्याकडे झाल दुपारीच झाली. टोपली डोक्यावर असताना मी व्याह्यांना एवढंच म्हणालो, "संध्याकाळी बोलतो." संध्याकाळी बोललो. म्हटलं, दुपारी तुम्ही जे सांगितलंत त्याला उत्तर द्यायचं राहिलंय. तुमची मुलगी सकाळची लोकल पकडून मुंबईला जाते, संध्याकाळी उभ्यानं परत येते. माझा मुलगाही तेच करतो. तेव्हा आमच्याकडे जो आधी घरी पोचेल तो कुकर लावेल, असं ठरलंय. मी घरातच असतो, त्यामुळे तो बहुधा मी असेन. मुलाला वरणभात येतो, पोळी येत नाही, ही उणीव आमची. तिला माहेरी यावंसं वाटलं तर विचारायची गरज नाही, सांगितलं तरी पुरे. आणि ती तुमच्याकडे माझी तक्रार घेऊन आली, तर आधी तिचं ऐका, मग मला फोन करा.

बोलून झालं तेव्हा माईक कुठल्या क्षणी बंद पडला होता कोण जाणे. मागच्या रांगांना काहीच ऐकू गेलं नाही. तिकडे आइस्क्रीम चालू होतं.

व्याही स्टेजवर आले. काही बोलले नाहीत. माझ्या हातातला कागद घेतला, चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचला, चौघडी केली आणि खिशात ठेवला. त्या कागदाच्या मागे मी केटररच्या ताटांचा हिशेब मांडून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी फोन केला तर त्यांनी सगळे आकडे सावकाश वाचून दाखवले, एकदा नव्हे, दोनदा. कागद परत केला नाही.