गोदावरीची वाळू आणि सागरतीराचा बांध



जालना जिल्ह्यास समुद्रकिनारा नाही. तथापि पूर्णा, दुधना व कुंडलिका या नद्यांचे पाणी अखेर गोदावरीसच मिळते. अंबड, घनसावंगी व परतूर तालुक्यांच्या दक्षिण सीमेवरून वाहणाऱ्या या नदीने, 1465 किलोमीटरच्या प्रवासाअंती, सागरतीरी वाळूचा एक बांध उभारला आहे. त्याची कथा या जिल्ह्यासही बोधप्रद आहे.

आंध्र प्रदेशातील काकिनाडा बंदरासमोर सुमारे 16 किलोमीटर लांबीचा वाळूचा चिंचोळा दांडा आहे. नदीमुखाशी आलेली वाळू लाटांनी उत्तरेकडे सरकविली आणि सुमारे दोनशे वर्षांत हा दांडा वाढत गेला. याच परिसरातील कोरिंगा बंदर 1839 च्या चक्रीवादळात उद्ध्वस्त झाले होते. आज काकिनाडा बंदरास लाटांपासून आडोसा मिळतो, तो या दांड्यामुळे.

असे बांध वादळातही टिकतात, याचे श्रेय वनस्पतींकडेही जाते. मर्यादवेल आणि दक्षिणेत ‘रावणाच्या मिशा’ म्हणून ओळखले जाणारे काटेरी गवत वाऱ्याचा वेग मंदावते. उडती वाळू तेथे साचते. वनस्पती तिच्यातून पुन्हा वर येतात आणि टेकडी उंचावते. वादळी लाटा ही टेकडी कापून वाळू उथळ समुद्रात नेतात. तेथे साचलेल्या वाळूवर पुढील लाटा दूरवरच फुटतात. वादळ शमल्यावर शांत लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात आणि उरलेल्या मुळांतून वेल पुन्हा पसरतो. अतितीव्र वादळात मात्र पाणी बांध ओलांडते, वाळू आतील बाजूस पडते आणि संपूर्ण बांधच जमिनीकडे सरकतो.

हा व्यवहार नव्या वाळूच्या पुरवठ्यावर चालतो. 1976 मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडीसह गोदावरी खोऱ्यातील अनेक धरणांत गाळ अडतो. त्यामुळे त्रिभुज प्रदेशास मिळणारा गाळ घटला असून तेथील किनाऱ्याची काही ठिकाणी झीज होत आहे.

धरणे आवश्यकच आहेत. परंतु नदीपात्रातील वाळूचा बेसुमार उपसा टाळणे शक्य आहे. ही वाळू पाणी धरून ठेवते आणि काठच्या विहिरींना आधार देते. समुद्राकाठी जे कार्य मर्यादवेल करतो, तेच बांधावरील व ओढ्याकाठचे गवत येथे करते. माती शेतात राहावी आणि वाळू नदीत राहावी, याची दक्षता ग्रामपंचायतींनी घेतली, तर गावाच्या विहिरीचे रक्षण होईल आणि दूरच्या किनाऱ्याचेही हित साधेल.