तुणतुण्याचा सूर आणि काळी पाच



हिपहॉपमधल्या कॉर्ड आणि संगीतशास्त्र, हा विषय पत्रिकेवर वाचून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. पडू दे. सुरुवात आपल्याच गावापासून करतो. २० मार्च १९२७ला बाबासाहेबांनी आपल्या महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, त्याच वर्षी २५ डिसेंबरला इथे मनुस्मृती जाळली गेली, आणि तळ्याच्या दाव्याचा हायकोर्टातला निकाल लागला १७ मार्च १९३७ला. ही हकिगत गावोगाव नेली कोणी? वर्तमानपत्रं होती, पण वाचता येणारे किती होते? गाणाऱ्यांनी नेली. भीमराव कर्डकांचे गाण्यांतून प्रबोधन करणारे जलसे, पुढे वामनदादा, विठ्ठल उमप, विलास घोगरे, संभाजी भगत. आजची रॅप करणारी पोरं मी याच रांगेत उभी करतो. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या रॅप गटाने आरेच्या जंगलातल्या प्रकाश भोईरांना सोबत घेऊन ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणं केलं, ते जलशाचंच काम आहे.

या गाण्यांच्या शब्दांवर परिसंवाद होतात. शब्दांखाली काय वाजतं, याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. आज तेवढंच बोलणार आहे.

हिपहॉपच्या जन्मात कॉर्डचा, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीचा, वाटा जवळपास नव्हताच. ११ ऑगस्ट १९७३ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, सेज्विक अव्हेन्यूवरच्या एका इमारतीत डीजे कूल हर्कने बहिणीने ठेवलेल्या पार्टीत रेकॉर्ड वाजवल्या, तिथून हा इतिहास मोजतात. हर्कच्या ध्यानात आलं होतं, की गाणं थांबून नुसता ड्रम उरतो तेव्हा नाचणारे पेटतात. म्हणून एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती लावून तो तेवढाच तुकडा लांबवत न्यायचा. १९७९ला ‘रॅपर्स डिलाइट’ हे रॅप गाणं आलं, ते ‘शीक’ या बँडच्या ‘गुड टाइम्स’वर बेतलेलं. कॉर्ड किती? दोन. त्या दोनांवर चौदा-पंधरा मिनिटं बडबड चालते आणि कंटाळा येत नाही.

आता जरा पेटीवर या. मी कॉर्डची इंग्रजी नावं घेणार नाही, काळी-पांढरी पट्टी आपल्याला पुरते. रॅपर डॉक्टर ड्रेचं १९९९चं ‘स्टिल डी. आर. ई.’ इथल्या प्रत्येक कॉलेजच्या पोराने रीलवर ऐकलेलं आहे. त्याचा पियानो स्कॉट स्टॉर्चने वाजवला. पांढरी सहा, एक आणि तीन एकदम दाबा, आठ वेळा. मग पांढरी एकवरचं बोट खालच्या सातवर आणा, बाकीची दोन तिथेच, तीन वेळा. मग सहावरचं बोट पांढरी पाचवर, पाच वेळा. झाले सोळा ठोके. (तीनताल आठवला असेल. सम-खाली शोधत बसू नका, ती इथे नाही.)

बोटांकडे नीट पाहा. एका वेळी एकच बोट हलतं, तेही शेजारच्याच पांढऱ्या पट्टीवर. पांढरी तीन तर शेवटपर्यंत जागची हलत नाही. आणि पांढरी सहा हा षड्ज धरला, तर पांढरी पाच म्हणजे कोमल निषाद. निषादावर येऊन कोणी थांबत नाही, त्याला वरचा षड्ज हवा असतो. पुन्हा पुन्हा वाजणारा हा तुकडा, म्हणजे लूप, बरोबर तिथेच संपतो, म्हणून कानाला तो पुन्हा पहिल्यापासून हवासा वाटतो. मजकूर सांगायला आलेल्या माणसाच्या पाठीमागे वाजायचं, त्याच्यापुढे जायचं नाही, एवढं भान त्या तीन बोटांना आहे. चित्रपटगीतात अंतऱ्याला चाल फिरते, वादकांचे तुकडे येतात, रंग बदलतो. रॅपला ते सोसत नाही.

‘पब्लिक एनिमी’ या रॅप गटाने तर तेवढंही ठेवलं नाही. १९८७च्या त्यांच्या ‘रिबेल विदाउट अ पॉज’मध्ये जुन्या रेकॉर्डमधून कापलेली सॅक्सोफोनची एक किंकाळी गाणंभर कानात घुसत राहते. शास्त्राने पाहिलं तर ते बेसूर. पण त्या शब्दांखाली गोड कॉर्ड लावली असती, तर गाण्यातला संताप विझला असता.

आपला शाहीर हे आधीपासून जाणून होता. तुणतुण्याला तार एक, सूर एक. डफ विस्तवावर शेकून चढवायचा, झीलकऱ्यांनी त्याच एका सुरावर ‘जी जी’ धरायची, आणि सगळी मोकळी जागा सांगणाऱ्याला द्यायची. एकाच सुरावर तासभर पोवाडा उभा राहतो. तेव्हा मोबाइलवर बीट करणाऱ्या पोरांनो, कॉर्ड लावल्याच पाहिजेत असा कुठलाही नियम नाही.

लावायच्या असतील, तर मात्र अभ्यास करून लावा. माझी खरी तक्रार इथे आहे. आयता चार कॉर्डचा लूप उचलायचा आणि त्यावर जुन्या भीमगीताची चाल चढवायची, हा उद्योग फार बोकाळलाय. नेहमीचा लूप घ्या: सहा-एक-तीन, चार-सहा-एक, एक-तीन-पाच, पाच-सात-दोन. षड्ज पांढरी सहाच. चाल भैरवीची असली, आणि भैरवी तर आपल्या कानाची घरची, मैफल आणि कीर्तन तिच्यावरच संपतं, तर गाणारा कोमल रिषभ लावणार, म्हणजे काळी पाच. खाली चौथ्या कॉर्डमध्ये पांढरी सात ठणठणतेय. एकमेकींना चिकटलेल्या दोन पट्ट्या एकदम बोलतात आणि गायकाचा सूर पडल्यासारखा वाटतो. मग त्याच्यावर ऑटोट्यून, म्हणजे सूर आपोआप दुरुस्त करणारं यंत्र, मारतात. ऑटोट्यून त्या लूपच्याच पट्टीत लावलेला असला, की तो कोमल रिषभ जागेवर राहू देत नाही, षड्जाकडे नाहीतर शुद्ध रिषभाकडे ओढतो. भैरवीचा जीवच गेला की!

उपाय पाच मिनिटांचा आहे. चौथ्या कॉर्डमधलं सातवरचं बोट काळी पाचवर आणा. पाच, काळी पाच, दोन. भांडण मिटलं. आणि गंमत अशी, की षड्जाला खेटून बसलेला हा वरचा अर्धा सूर हिपहॉपमधल्या ट्रॅप शैलीवाल्यांचाही लाडका आहे. अंधार दाखवायचा असला की ते तोच वापरतात. त्यांच्याकडून उसना आणायची गरज नाही, तो आपल्या भजनात आहे.

दुसरी गोष्ट बीटमधल्या ८०८ची. १९८०च्या ‘८०८’ या रोलंड ड्रम-यंत्रातला हा ठोका घुमत राहतो आणि त्या घुमण्याला स्वतःचा सूर असतो. आपला ढोलकीवाला शाईची बाजू गायकाच्या पट्टीत आल्याशिवाय थाप मारत नाही. बीटवाले मात्र ठोका मिळाला तसा चिकटवतात. मग भिंतीएवढे स्पीकर लावले, की तळ्याच्या पायऱ्यांपर्यंत छाती दणाणते, पण गाणारा एका पट्टीत आणि जमीन दुसऱ्या. आवाज मोठा झाला म्हणून हे झाकलं जात नाही, उलट जास्त उघडं पडतं.

म्हणून पोरांना एक काम सांगतो. पुढच्या २० मार्चला तळ्यावर वाजवायला एक गाणं करा. कडव्याला डफ आणि एकच सूर, कॉर्ड फक्त ध्रुपदाला. आधी पेटीवर बसवा, मग मोबाइलला हात लावा. आणि ज्येष्ठांनो, भजनी मंडळाची पेटी बरेच दिवस कपाटात बंद असते. पोरं मागायला आली तर ती त्यांना द्या.