कोटणीसांच्या गावचे आपण
(स्नेहमेळाव्यातील भाषण, सात रस्ता, सोलापूर)



संयोजकांचा फोन आला, ‘तू एवढी वर्षं हॉस्पिटलचं प्रशासन बघितलंस, अडचणीच्या काळातलं नेतृत्व यावर दहा मिनिटं बोल.’ मी हो म्हणून बसलो. नंतर लक्षात आलं, की या विषयावर मला जे ठाऊक आहे ते बहुतेक चुका करून कळलेलं आहे. तेव्हा आधी दुसऱ्या कुणाबद्दल बोलतो.

आठवतंय का, नववीत बाईंनी ‘आपल्या गावचा थोर पुरुष’ असा निबंध घातला होता. निम्म्या वर्गाने डॉ. द्वारकानाथ कोटणीस लिहिले. मीही. १० ऑक्टोबर १९१० ला सोलापुरात जन्म, ९ डिसेंबर १९४२ ला चीनमध्ये मृत्यू, आणि मधलं सगळं एका वाक्यात उरकलं : ‘त्यांनी जखमी सैनिकांची सेवा केली.’ बाईंनी लाल शाईने समासात विचारलं, ‘म्हणजे नेमकं काय केलं?’ दहापैकी पाच.

आपल्यापैकी बहुतेकांचे कोटणीस म्हणजे १९४६ च्या चित्रपटातले व्ही. शांताराम. खरे कोटणीस मी फार उशिरा वाचले. १९३८ साली जपानच्या आक्रमणाखाली असलेल्या चीनसाठी काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. प्रमुख होते अलाहाबादचे डॉ. अटल. आपल्या विदर्भातले, नागपूरचे डॉ. चोळकर त्यात होते. कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी. कोटणीस तेव्हा सत्तावीस वर्षांचे, मुंबईच्या जी. एस. मेडिकलमधून नुकतेच बाहेर पडलेले. म्हणजे ते कुणाचेही ‘साहेब’ नव्हते. तिकडे असतानाच वडील गेल्याची बातमी आली. घरी परतायला एवढं कारण पुरलं असतं, ते थांबले. बाकीचे चौघे यथावकाश मायदेशी आले, कोटणीस आलेच नाहीत.

१९४० मधल्या एका लढाईत त्यांनी सलग बहात्तर तास शस्त्रक्रिया केल्या, आठशेवर जखमी हाताळले, असं सांगतात. आपण टाळ्या वाजवतो त्या या आकड्यांना. मला मात्र त्यापेक्षा दुसरी गोष्ट मोठी वाटते. ते चिनी शिकले, आणि नुसतं हालहवाल विचारण्यापुरतं नाही, तर चिनी मुलांना शल्यक्रिया त्यांच्याच भाषेत शिकवता येईल इतकं. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे ते संचालक झाले. ज्या कॅनडियन डॉक्टरांचं नाव त्या रुग्णालयाला आहे, ते नॉर्मन बेथ्यून १९३९ मध्ये शस्त्रक्रिया करताना बोट कापल्यामुळे झालेल्या जंतुसंसर्गाने वारले होते. संचालक म्हटल्यावर काचेची केबिन डोळ्यांपुढे आणू नका. डोंगरातली खेडी, औषधांची चणचण, आणि जपानी फौजा जवळ आल्या की सगळं उचलून पुढे. संचालक तेच खात होते जे बाकीचे खात होते, आणि अपस्माराचे झटके येत असतानाही शस्त्रक्रिया करत होते, शिकवत होते, पाठ्यपुस्तक लिहीत होते. तिथल्याच नर्स को चिंगलान यांच्याशी त्यांचं लग्न झालं. मुलाचं नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. वडील गेले तेव्हा ते बाळ साडेतीन महिन्यांचं होतं.

आता माझं. केबिन काचेचीच होती.

एप्रिल २०२०. लॉकडाऊन लागलेला, बस बंद, रिक्षा बंद. आमच्या मावश्या आणि मामा लोक चार-पाच किलोमीटर चालत येत, वाटेत पोलिसांची बोलणी खात. गैरहजेरी वाढली तेव्हा मी एक परिपत्रक काढलं : विनापरवानगी गैरहजर राहिल्यास पगार कापला जाईल. त्या दिवशी मला ते खंबीर नेतृत्व वाटलं होतं. हजेरी सुधारलीसुद्धा.

आठवड्याभराने एक मावशी दारात उभी राहून म्हणाली, ‘साहेब, तो ड्रेस घातल्यावर पाणी कुठं प्यायचं?’ मला प्रश्नच कळला नाही. मग तिने सांगितलं, की एकदा किट घातलं की आठ तास काढता येत नाही, म्हणून बायका घरून निघायच्या आधीपासून पाणीच पीत नाहीत. सोलापूरचा एप्रिल, आणि तो प्लास्टिकचा झगा! आठ तासांची पाळी कागदावर मीच आखली होती. त्या दिवशी मी किट चढवलं आणि तिच्याबरोबर वॉर्डात गेलो. बेडपॅन उचलले, फरशी पुसली. अडीच तासांत भिंतीला टेकून बसलो.

दुसऱ्या दिवसापासून चार तासांची पाळी केली, ने-आण करायला एक टेम्पो ट्रॅव्हलर लावली, परिपत्रक मागे घेतलं. यात हुशारीचं काही नव्हतं, पहिल्याच दिवशी करता आलं असतं.

पण त्याआधीच आमचे एक मामा ताप अंगावर काढून तीन दिवस कामावर आले होते. पगार कापला जाईल म्हणून. चौथ्या दिवशी आमच्याच आयसीयूत दाखल झाले आणि तिथून परत आले नाहीत. आजाराला कोण काय करणार, असं मला तेव्हा सगळ्यांनी समजावलं. त्या कागदावर सही माझी होती. हे मी आजवर घराबाहेर कुठे बोललेलो नाही. आज इथे बोललो, कारण इथल्या लोकांनी मला हाफ चड्डीत पाहिलेलं आहे.

त्या मामांची पत्नी आता तिथल्याच स्वयंपाकघरात आहे. मी निवृत्त झालो तरी दिवाळीला कडाकण्या आणि शेंगाची चटणी घरी पाठवते. आम्ही ती खातो. परिपत्रकाबद्दल तिला ठाऊक आहे की नाही, हे विचारायचं धैर्य मला झालेलं नाही.

बाई, तुम्ही समासात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून हे एवढंच. उद्या सकाळी साडेआठला मी इथून भय्या चौकात कोटणीसांच्या घरी, आताच्या स्मारकात जाणार आहे. गुडघ्यांमुळे तुम्हाला चालवत नाही ते माहीत आहे, रिक्षा सांगून ठेवली आहे. आणखी दोघांना जागा आहे.