दोन सेकंदांचा झटका



पदवीदानाच्या प्रसंगी वैद्यकाच्या भवितव्यावर बोलायचा रिवाज आहे. मी लहान मुलांच्या मेंदूविकारांचा डॉक्टर. मला जेमतेम दोन सेकंद टिकणाऱ्या एका झटक्याबद्दल बोलू द्या.

1841 साली इंग्लंडमधल्या टनब्रिजच्या डॉ. विल्यम जेम्स वेस्ट यांनी ‘लॅन्सेट’ला एक पत्र लिहिलं. रुग्ण त्यांचाच तान्हा मुलगा होता. बाळाचं डोकं एकदम पुढे झुकायचं, लगेच सैल पडायचं, काही सेकंदांनी पुन्हा झुकायचं. एका फेरीत दहा-वीस वेळा, कधी त्याहून जास्त. जळवा, कॅलोमेल, अफू, सगळं करून झालं होतं. ईईजी तेव्हा जन्मालाही आला नव्हता. तरी ते वर्णन इतकं नेमकं आहे, की आजही त्यावरून या आजाराचं, वेस्ट सिंड्रोमचं, निदान करता येईल. बापाची नजर होती ती.

आज डॉक्टर झालेल्या तुमच्यातले बरेच जण आता बंधपत्राच्या वर्षासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात जातील. तिथे सहा महिन्यांचं बाळ घेऊन एक आई येईल. “डॉक्टर, झोपेतून उठला की सारखा दचकतोय.” घरी ग्राइप वॉटर पाजून झालेलं असेल, दृष्टही काढून झालेली असेल. पोटदुखीचे थेंब लिहून तुम्हीही मोकळे होऊ शकता. तसं करू नका. तान्ह्या बाळाचं नेहमीचं दचकणं आवाजाने किंवा धक्क्याने होतं आणि सहसा सहाव्या महिन्यापर्यंत ओसरतं. वेस्ट सिंड्रोमचे झटके मात्र कारणाशिवाय, ओळीने येतात, बहुधा जाग आल्या आल्या. हातपाय आखडतात किंवा फाकतात. मायोक्लोनिक झटक्याहून थोडे लांब, टॉनिक आकडीहून आखूड. हसणं कमी झालंय का, नजर लावतो का, हे विचारा. मोबाइलवर चित्रण आणायला सांगा, अंगावरचं पांघरूण काढून.

1952 मध्ये गिब्ज दांपत्याने अशा बाळांच्या ईईजीतल्या विस्कळीत, उंच लाटांना हिप्सअॅरिदमिया हे नाव दिलं. झटके, असा ईईजी आणि खुंटलेली वाढ हे त्रिकूट तेव्हापासून परीक्षेत विचारलं जातं. तुम्हीही पाठ केलंच असेल. अडचण अशी, की तिन्ही गोष्टी जमेपर्यंत थांबायची सवय लागते. आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेने 2022 च्या वर्गीकरणात वेस्ट सिंड्रोमला एका मोठ्या गटात घेतलं, ते मला म्हणूनच पटतं. झटके आहेत, ईईजीत दोष आहे. हिप्सअॅरिदमिया नसला, बाळ अजून मागे पडलेलं नसलं, तरी ते त्या गटात बसतं. मागे पडायच्या आतच तर औषध द्यायचं असतं! उपचाराला उशीर होतो तशी पुढची बौद्धिक वाढ घटते.

झटका एकाच बाजूला जास्त असेल, तर मेंदूत एका जागी दोष असू शकतो, एमआरआय बघा. त्वचेवर पांढुरके चट्टे असतील, तर ट्युबरस स्क्लेरोसिस शोधा. तिथे व्हिगाबॅट्रिन पहिलं. एरवी एसीटीएच किंवा मोठ्या मात्रेत प्रेडनिसोलोन. आपल्याकडे जन्मवेळी गुदमरलेली किंवा पहिल्या दिवसांत साखर घसरलेली बाळं या आजारात फार दिसतात, म्हणून प्रसूतीचा कागद मागून घ्या.

एक शेवटचं, अगदी किरकोळ वाटेल असं. ईईजीच्या चिठ्ठीवर नुसतं ‘आकडी’ लिहू नका. ‘झोप आणि जाग, दोन्ही नोंदवावे’ असं लिहा; झोपेविना काढलेल्या वीस मिनिटांच्या ईईजीत हा दोष निसटतो. आणि अहवाल नॉर्मल आला, पण आई अजून ‘दचकतोय’ म्हणत असेल, तर त्याच आठवड्यात पुन्हा ईईजी काढा.